सांगलीत करायला काही नाही म्हणणाऱ्यांसाठी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या याच सदरात एका वाचकांचं पत्र आलं होतं, की सांगलीत विरंगुळ्याला काही राहिलं नाही, मनासारखा मॉल नाही, सुट्टीच्या दिवशी माणसानं जायचं कुठं, म्हणून तर पोरं पुण्याला पळतात. आणि गंमत बघा, त्याच दिवशी पुरवणीत अर्धं पान लेख होता छोट्या छोट्या गोष्टींतल्या आनंदावर, त्यात काय तर सुगंधी मेणबत्ती लावा, आवडत्या मगमधून फिल्टर कॉफी प्या, वीकेंडला छोटीशी ट्रिप काढा. दोन्ही वाचलं आणि म्हणलं आता आपणच लिहावं, कारण एकाला गावात काहीच दिसत नाही आणि दुसऱ्याची साधी गोष्ट आमच्या महिन्याच्या किराण्यात बसत नाही.

आधी सांगते मी कोण, नाहीतर वाटायचं कुणीतरी रिटायर माणूस निवांत बसून लिहितोय. मी मार्केट यार्डात एका अडत पेढीवर हिशेब लिहिते. घर गावभागात. घरी सासूबाई, मिस्टर, कॉलेजला जाणारी मुलगी, आणि मुलगा हिंजवडीला नोकरीला. महिनाअखेरीला गॅस संपला तर जीव वरखाली होतो अशातलं घर आहे आमचं. तर अशा घरात मजा येते का? येते, चांगली येते, आणि ती कशात येते तेवढं सांगते, मग शेवटी तुमच्याकडं एक काम आहे ते पण सांगते.

फेब्रुवारीपासून मे पर्यंत आमच्याकडं हळदीचा सीझन असतो. सौद्याच्या दिवशी पोती फोडून ढीग लावतात, व्यापारी येतात, मूठभर हळकुंडं उचलतात, त्यातलं एक मोडतात आणि आतला रंग बघतात. मला त्यातलं काही घ्यायचं नसतं न काही विकायचं नसतं, माझं काम आकड्यांचं, पण ते मोडून टाकलेलं हळकुंड उचलून नाकाला लावायची माझी सवय इतक्या वर्षात गेली नाही. सांगलीच्या हळदीला 2018 ला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं, वासाला मात्र आम्ही त्याच्या आधीपासून मानत होतो. संध्याकाळी रुमाल पिवळा, बोटं पिवळी, वहीची पानं पिवळी, मुलगी लहान होती तेव्हा दार उघडायच्या आधीच आतनं ओरडायची मम्मी आली म्हणून. आणि त्याच दिवसांत द्राक्षं. एक्स्पोर्टचे घड डब्यात बसून परदेशी जातात आणि घडाचे गळालेले सुटे मणी इथं गाड्यावर स्वस्तात मिळतात, गोडीला काडीचा फरक नाही, फक्त दिसायला देठ नाही. मी तर म्हणेन देठ काढायचा त्रास वाचला.

आता भडंग. भडंग कसं करायचं हे सांगलीकराला सांगणं म्हणजे जरा धाडसच आहे, पण नवीन लग्न झालेल्या पोरी आता पाकीटच आणतात म्हणून लिहिते. चुरमुरे आधी उन्हात टाकायचे, पावसाळा असला तर कढईत मंद आचेवर कोरडेच परतायचे, चिमटीत दाबला की चुरा झाला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं फुकट. मग शेंगतेल तापवायचं, शेंगदाणे तळून बाजूला काढायचे, त्याच तेलात मोहरी, कढीपत्ता आणि लसूण. लसूण सोलायचा नाही, सालीसकट ठेचायचा, आणि तो तांबूस होऊन कुरकुरीत होईपर्यंत दम धरायचा. आणि आता खरी गोष्ट, गॅस बंद करायचा. तेल कडकडीत असताना तिखट टाकलं की ते करपतं, रंग काळा पडतो आणि अख्खा डबा कडवट लागतो, म्हणून कढई खाली उतरवून जरा वेळ नुसतं उभं राहायचं आणि मग हळद, तिखट, मीठ, मेतकूट, वरनं चिमूटभर पिठीसाखर. ते सगळं चुरमुऱ्यावर ओतायचं आणि हातानंच कालवायचं, चमच्यानं नाही. हाताला चिकटलेले जे चार चुरमुरे असतात ते तिथंच उभ्यानं खायचे, ते डब्यातल्यापेक्षा भारी लागतात, का ते विचारू नका. सगळं मिळून दीडशे रुपयाच्या आत मोठा डबा भरतो आणि आठवडा जातो, मुलगा पुण्याहून आलेला असेल तर दोन दिवस. वर कच्चा कांदा, लिंबू, आणि गच्चीत जाऊन खायचं. त्या लेखातल्या एका मेणबत्तीच्या पैशात आमचं दोन महिन्याचं भडंग होईल असा माझा अंदाज आहे.

माझं माहेर मिरजेचं. तिथली सतारमेकर गल्ली बाहेरच्या लोकांना जास्त माहीत आहे आणि आम्हाला कमी. दुकानांच्या बाहेर वाळवलेले मोठमोठे भोपळे टांगलेले असतात, पंढरपूर मंगळवेढ्याकडनं येतात ते, लहानपणी मला वाटायचं हे भाजीचेच आणि एवढ्या मोठ्या भोपळ्याची भाजी कोण खात असेल. मागं एकदा आईकडं जाऊन मंडईतनं परत येताना त्या गल्लीतून आले तर एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत बसले होते, म्हणजे तार घुमून वाजावी म्हणून ती जिच्यावर टेकते ती घोडी घासून जुळवत होते. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, परत कानस, परत तार. आवाज नुसता कोरडा येत होता, टण् टण्. मग त्यांनी तारेखाली सुताचा दोरा सरकवला, अगदी केसभर पुढं, जरा मागं, आणि एका जागी तो दोरा आला आणि तीच तार एकदम भरून वाजायला लागली, भुंगा घुमावा तशी, आणि थांबतच नव्हती. मी हातात पिशवी घेऊन उभी, मेथी कोमेजतेय, आई घरनं फोन करतेय की पोचलीस का, आणि माझा पाय काय निघेना. त्यांनी वर बघून नुसती मान हलवली आणि पुढची तार घेतली. 2024 ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला पण मानांकन मिळालं, पेपरात वाचलं सगळ्यांनी, पण अर्धी सांगली अजून त्या गल्लीत उभी राहिलेली नाही हे मी पैजेवर सांगते. आणि गाणं ऐकायचं असेल तर मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा होते, खाँसाहेब 1937 ला गेले, तेव्हापासूनच्या किती पिढ्या तिथं येऊन गाऊन गेल्या. नवरात्रात मिरजेच्याच अंबाबाईच्या देवळात नऊ दिवस गाणं असतं. तिकीट नाही. ज्या कलाकाराला पुण्यात ऐकायला लोक पास शोधत फिरतात तो इथं समोर आणि आपण सतरंजीवर, पाठ दुखली की भिंतीला टेकायची, बास.

एसटीचं पण सांगायलाच पाहिजे. 2022 च्या ऑगस्टपासून 75 च्या वरच्यांना तिकीट नाही आणि 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, वय 78, आता घरात सगळ्यात जास्त त्याच फिरतात. आधी कुठं न्यायचं म्हणलं की 'कशाला गं खर्च' म्हणायच्या, आता सकाळी सकाळी पातळ नेसून तयार, 'माझं तिकीट नाही, तुझं अर्धं, चल.' कंडक्टरनं मागायच्या आधीच आधार कार्ड काढून धरतात, आणि तो नुसतं बघून पुढं गेला तर नाराज होतात, नीट वाच म्हणतात. औदुंबरला जातो आम्ही. दत्ताचं दर्शन, मग नावेतून पलीकडं भुवनेश्वरीला, मग घाटाच्या पायरीवर बसून भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. दही घरनं न्यायचं, तिथंवर जाईपर्यंत हिंदकळून त्याचं ताक झालेलं असतं, तरी चालतं. संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतं, कित्येक वर्षांची परंपरा आहे, तिथं पण आत्या जातात. साहित्याचं मला काय कळतं म्हणतात, पण झाडाखाली बसायला मिळतं आणि माईकवरनं कुणीतरी चांगलं बोलतं, आणि येताना कुणाची तरी कवितेची ओळ डोक्यात घेऊन येतात ती चार दिवस भांडी घासताना चालू असते. त्या संमेलनाला जायला मला अजून सुट्टी मिळालेली नाही, पेढीवर संक्रांतीला सुट्टी नसते, हे जाता जाता मालकांनी वाचावं.

आता जरा वेगळं. दर 20 मार्चला आनंदाचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो, संयुक्त राष्ट्रांनी 2012 ला तो ठरवलाय, आणि त्याच सुमाराला तो जगातल्या आनंदी देशांचा अहवाल येतो, मग आपला नंबर कितवा, शेजारच्यांचा कितवा यावर व्हॉट्सॲपवर दोन दिवस नुसती हाणामारी. 2025 ला 147 देशांत आपण 118 वे होतो आणि फिनलंड पहिला. मुलीनं मोबाईलवर वाचून दाखवलं की हा नंबर काढतात कसा, तर माणसाला सांगतात डोळ्यासमोर एक शिडी आणा, सगळ्यात खाली शून्य, सगळ्यात वर दहा, आता सांगा तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर आहे. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, 'शिडी चढायचं वय आहे का माझं?' झालं, आमच्या घराचा सर्व्हे तिथंच संपला.

पण त्याच अहवालात एक प्रकरण एकत्र जेवण्यावर होतं आणि ते मला लागलं. आठवड्यात दुपारची आणि रात्रीची मिळून किती जेवणं ओळखीच्या कुणाबरोबर केली असं लोकांना विचारलं होतं. जे दुसऱ्यांबरोबर जेवतात ते जास्त समाधानी दिसतात असं निघालं, आणि अमेरिकेत चारातला एक माणूस आदल्या दिवशीची सगळी जेवणं एकटाच जेवला होता. ते ठीक आहे, त्यांचं त्यांच्यापाशी. पण दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याकडं, एकत्र जेवणं जगाच्या मानानं फारच कमी निघाली. आधी खोटंच वाटलं मला. आपण तर भरल्या घराचे लोक, पंगतीचे लोक! मग विचार केला की आपल्या घरातली बाई जेवते कधी आणि कुणाबरोबर. तव्यावर भाकरी, ताटात भाकरी, अजून एक घ्या, आमटी वाढू का, आणि सगळे हात धुवून उठले की ओट्यापाशी पातेल्यात राहिलेलं ती वाढून घेणार. अहवालात असं कारण दिलंय असं मी म्हणत नाही, ही माझी शंका आहे, पण गावभागातल्या कुठल्याही घरात साडेआठ वाजता डोकावून बघा.

आमच्या घरात हे बदललं ते मुलीमुळं. ती आठवी नववीत असेल, एकदा ताट तसंच ठेवून बसली, मम्मी बसल्याशिवाय मी जेवणार नाही म्हणून. मिस्टर म्हणाले अगं भाकरी गार होतील. होऊ देत. मग ठरलं की सगळ्या भाकरी आधीच करून टोपलीत धडप्यात गुंडाळून ठेवायच्या, आमटीचं पातेलं मधे ठेवायचं आणि ज्यानं त्यानं आपलं वाढून घ्यायचं. पहिले काही दिवस मिस्टरांना भाकरी वातड लागली, तसं बोलले पण, मग त्यांचं त्यांनाच कळलं की भाकरी मऊ राहायला पीठ चांगलं मळावं लागतं आणि ते आता स्वतः पीठ मळतात, अजून थापता येत नाही, पण मळतात. टीव्ही बंद. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉल लावतो आणि त्याचं मेसचं ताट दाखवतो, आत्या त्या ताटाला नावं ठेवतात. भांडणं पण तिथंच होतात, मागच्या उन्हाळ्यात मुलीच्या सहलीवरनं असं भांडण झालं की आमटी कुणी संपवली ते कळलं नाही. एक रुपया जास्तीचा लागला नाही या सगळ्याला, आणि दिवसातला तो अर्धा तास मला सगळ्यात जास्त आवडतो.

म्हणून त्या मेणबत्तीवाल्या लेखाशी माझा खरा वाद पैशाचा नाहीच. साध्या गोष्टीत आनंद आहे म्हणणारे लोक कधी सांगत नाहीत की ती साधी गोष्ट केली कुणी. घरची पुरणपोळी, उन्हाळ्यातली वाळवणं, आजीच्या हातचं लोणचं, हे सगळं स्वस्त आहे कारण त्यातल्या मजुरीचं बिल कुणी लावत नाही. मी वर भडंगाचे दीडशे रुपये सांगितले त्यात माझा दीड तास धरलेला नाही, बघा, मी पण नाही धरला. ज्याच्याकडं पैसा कमी आहे त्याला मजा करायला वेळ पाहिजे आणि बसायला जागा पाहिजे, आणि या दोन गोष्टी बाईच्या वाट्याला सगळ्यात कमी येतात. पुरुष माणूस कट्ट्यावर कटिंग चहावर दोन तास काढतो, कुणी विचारत नाही. बाई घाटाच्या पायरीवर अर्धा तास नुसती बसली तर ओळखीचं कुणीतरी येऊन विचारणारच, 'काय वैनी, कुणाची वाट बघताय का?' नाही हो भाऊजी, कुणाची नाही, नदी बघतेय.

आणि कुणी याचा उलटा अर्थ काढू नये की पैसा नसला तरी चालतं, माणसानं समाधान मानून गप्प बसावं. पेढीवर हमाल दिवसभर पोती वाहतात, त्यांना जाऊन मी मावळता सूर्य बघा म्हणून सांगणार नाही, त्यांना मजुरी वेळेवर पाहिजे आणि कंबर धरली तर दवाखान्याला पैसे पाहिजेत. समाधानावरची भाषणं मी जास्त करून ज्यांचं पोट भरलंय त्यांच्याच तोंडून ऐकलीत.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांचं एक मात्र मला पटलं. जागा आहे पण बसण्यासारखी ठेवली पाहिजे ना. कृष्णेचा घाट घ्या. हिवाळ्यात संध्याकाळी गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि तिथनं घाटावर जायचं, पाणी उतरलेलं असतं, आयर्विन पुलाच्या कमानी खालपर्यंत दिसतात, 1929 चा पूल आहे आणि अजून माझ्या डोळ्याला त्याच्यासारखं देखणं गावात दुसरं काही नाही. पावसाळ्यात सगळं उलटं, गाव पुलावर पाणी बघायला लोटतं, 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, आणि रस्त्यात कुणीही कुणालाही नमस्काराच्या ऐवजी विचारतो, 'आज कितीवर आहे?' 2019 ला ते 57 च्या वर गेलं आणि आमच्या घरात शिरलं, त्यावर इथं लिहीत नाही. तर एवढा घाट फुकट मिळालेला असताना शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत जातंय हे माझ्या लग्नाच्या आधीपासून पेपरात वाचतेय. मगरी आहेत म्हणून पोहणं जवळजवळ बंद झालं, ते समजू शकते, मगरीला कोण सांगणार. पण संध्याकाळी सातनंतर पायरीवर उजेड पाहिजे, ते तर माणसाच्या हातातलं आहे. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह पाहिजे, चालू, पाणी असलेलं, कडी असलेलं. लिहायला लाज वाटते पण लिहिते, घाटावर असो की मंडईत असो, आम्ही घरनं निघताना पाणी कमी पितो.

मुलीला विचारलं होतं मी, तुम्ही मैत्रिणी पुण्याला गेलात की मॉलमध्येच का जाता, घेत तर काही नाही. ती म्हणाली, 'मम्मी, तिथं बाथरूम स्वच्छ असतं, एसी असतो आणि किती पण वेळ बसलं तरी कुणी विचारत नाही तुम्ही इथं का बसलाय.' म्हणजे खरेदी नाहीच त्यात. एवढं तर आपल्या आमराई बागेत पण देता येईल की, एसी सोडून. आमराईत एसीची गरज पण नाही.

आता तुमच्याकडचं काम. पूर्वी पेपरात आतल्या पानावर 'आज शहरात' असं छोटं सदर असायचं, दोन बोटं रुंद, व्याख्यान कुठं, कीर्तन कुठं, गाणं कुठं, प्रदर्शन कुठं, किती वाजता. आम्ही बायका ते कापून कॅलेंडरला लावायचो. ते कधी बंद झालं कळलंच नाही. आता कार्यक्रम कसा कळतो, तर दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात फोटो येतो, दीपप्रज्वलन करताना मान्यवर. त्या फोटोचा मला काय उपयोग, व्याख्यान तर काल होऊन गेलं. चौकात फ्लेक्स असतो त्यावर पाहुण्यांचे बारा चेहरे आणि वेळ ठिकाण खाली एवढ्याशा अक्षरात, गाडीवरनं वाचता येत नाही. व्हॉट्सॲपवर येतं पण ते ज्याच्या ग्रुपमध्ये त्यालाच. ज्या गावात 1843 ला विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं आणि अजून दर 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, ज्याचा अभिमान सांगितला जातो, त्या गावात आज संध्याकाळी कुठं काय आहे हे पंधरा ओळीत कुठंच मिळू नये?

तर ते सदर परत चालू करा. ज्याला तिकीट नाही असेच कार्यक्रम घाला, तिकिटाचे लोक जाहिरात देतील. सोबत दोन गोष्टी लिहा, बसायची सोय आहे का आणि स्वच्छतागृह आहे का, म्हणजे आत्यांना न्यायचं की नाही ते मला ठरवता येईल. मिरजेची पण नावं घाला, नुसती सांगली नको. माहिती गोळा करायला माणूस नाही म्हणाल तर आमची मुलगी आणि तिच्या तीन मैत्रिणी तयार आहेत, मानधन नको म्हणतात, पण मी म्हणते द्या, वर एवढं लिहून मीच पोरींना फुकट राबवायला लागले तर बरं दिसणार नाही. आणि जागा नाही म्हणाल तर राशीभविष्यातल्या दोन राशी कमी करा. माझी कन्या आहे, ती काढली तरी चालेल.

कळावे,
आपली एक वाचक,
गावभाग, सांगली